परिषदेच्या तारखा आणि जागा ठरवणं: ऑनलाइन मतदान आणि एक सामायिक शीट, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

हा कुठल्या महागड्या सॉफ्टवेअरचा अनुभव नाही. तारखांचं मतदान घेणारं एक फुकट साधन आणि समितीतल्या सगळ्यांना उघडता येणारी एक स्प्रेडशीट, एवढ्यावर आम्ही सुमारे ३०० जणांच्या, एकाच वेळी तीन खोल्यांत सत्रं चालणाऱ्या वैज्ञानिक परिषदेची जागा आणि तारखा पक्क्या केल्या. परिषदेला अजून सात महिने आहेत, पण करारावर सह्या झाल्या आहेत. म्हणजे या दोन्ही साधनांचं काम संपलं.

आधी मतदान. पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावर जाम खूश होतो. पाच पर्यायी आठवडे टाकले, समितीतल्या अकरा जणांनी दोन दिवसांत मतं दिली आणि मे महिन्यातल्या एका आठवड्याचा रकाना हिरवागार झाला. आता काय, ठरलंच! मग प्रमुख वक्त्यांना पत्रं गेली आणि चारपैकी तिघांकडून एकच उत्तर आलं: त्याच आठवड्यात आमच्या उपशाखेची वार्षिक सभा आहे. आम्हा अकरांपैकी एकही जण त्या सभेला जाणारा नव्हता, म्हणून रकाना हिरवा. साधनाने नेमकं तेच मोजलं जे आम्ही विचारलं होतं. ज्यांच्यावाचून परिषद अडली असती, त्यांना सोडून आम्ही आपापसातच विचारत बसलो होतो.

‘जमलंच तर’ची पिवळी खूण तर निव्वळ फसवी. मी तिला अर्धा होकार धरत होतो. दोघांना फोन केल्यावर कळलं की तो शिष्टाचारापोटी दिलेला पूर्ण नकार होता. दुसऱ्या फेरीत मी प्रश्नच उलटा केला. ‘कधी जमेल’ ऐवजी ‘कोणते दिवस अजिबात नकोत, आणि का’. उत्तरं निम्म्या वेळात आली आणि ‘का’च्या रकान्याने खरी माहिती दिली: परीक्षांचा काळ, प्रयोगशाळेला मिळालेली उपकरणाची पाळी, अनुदानाच्या अर्जाची मुदत, मुलांच्या शाळेचा पहिला आठवडा. मतदानाला माझ्याकडून पाचपैकी दोन. उलट्या प्रश्नासकट वापरलं तर साडेतीन.

शीटमध्ये आम्ही ‘नकोत’ नावाचं वेगळं पान केलं. त्यात सणही आले, आणि तिथे मागच्या परिषदेचं कॅलेंडर पुढे ओढून चालत नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही पडतो, चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. हे पान एकदा नीट भरलं की वर्षातले मोकळे आठवडे बोटांवर मोजण्याइतके उरतात. तारीख निवडण्याची चैन आपल्याला असते हा भ्रम तिथेच गळून पडतो.

शीटने खरे पैसे वसूल केले (फुकट होती, तरी म्हणतो) ते उलट्या मोजणीत. एका चौकटीत उद्घाटनाची तारीख आणि खालच्या सगळ्या मुदती तिच्यावरून सूत्राने मागे मोजलेल्या. व्हिसासाठी आम्ही १४ आठवडे धरले. कुणाला हे फार वाटेल. पण युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचंच घ्या: नियमात निर्णयाला १५ दिवस, अडचण आली तर ४५ दिवसांपर्यंत, आणि अर्ज द्यायची वेळ मिळेपर्यंतचे आठवडे त्यात धरलेलेच नाहीत. व्हिसाला निमंत्रणपत्र हवं, निमंत्रणपत्राला निबंध स्वीकारल्याचा निर्णय हवा, निर्णयाला समीक्षण हवं. समीक्षणाला सात आठवडे आणि लेखकांच्या होकाराला दोन, मिळून २३ आठवडे. ८ जून चौकटीत टाकला तर निबंधांचे सारांश पाठवायची शेवटची तारीख २९ डिसेंबर निघाली. त्या आठवड्यात कोण सारांश लिहिणार आणि कोण समीक्षकांच्या मागे लागणार? २२ जून टाकला, मुदत १२ जानेवारीवर आली, वाद मिटला. जे तीन बैठकांत सुटत नव्हतं ते एका आकड्याने सुटलं.

जागेच्या बाबतीत मात्र शीट लंगडी पडली. पाच सभागृहं, प्रत्येकाचे रकाने: क्षमता, खोल्या, अंतर, रद्द करण्याच्या अटी. आकडे सुंदर दिसतात आणि खोटं बोलतात. ‘क्षमता ३२०’ म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर; समोर टेबलं हवीत म्हटलं की तीच संख्या पार खाली येते. एका ठिकाणी तिन्ही खोल्या मोठ्या होत्या, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. समांतर सत्रांत माणसं दर वीस मिनिटांनी खोली बदलतात, हे त्या रकान्यांना काय ठाऊक! पोस्टरचे बोर्ड आडवे की उभे, हेही प्रत्यक्ष गेल्यावरच कळलं. उभा ए० कागद ११८९ मिलिमीटर उंच असतो, आणि एका जागेचे बोर्ड एक मीटर उंचीचे. आम्ही शेवटी ‘कोणी डोळ्यांनी पाहिलं’ असा रकाना टाकला. तो रिकामा असेल तर ओळ राखाडी.

आणखी एक रकाना उशिरा आला: ‘त्या काळात बांधकाम?’ अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूवैज्ञानिकांच्या संघटनेची डिसेंबरची सभा वर्षानुवर्षं सॅन फ्रान्सिस्कोत भरायची. तिथल्या मॉस्कोन या सभाकेंद्राचं नूतनीकरण निघालं, तेव्हा ती २०१७ मध्ये न्यू ऑर्लीन्सला आणि २०१८ मध्ये वॉशिंग्टनला न्यावी लागली. आमच्या यादीतल्या एका जागेनेही विचारल्यावरच छताचं काम कबूल केलं. रद्द करण्याच्या अटी मी स्वतः तीनदा वाचल्या. अमेरिकन फिजिकल सोसायटीची २०२० ची मार्च सभा २ मार्चला डेन्व्हरमध्ये सुरू व्हायची होती आणि २९ फेब्रुवारीला रद्द झाली, ही आठवण त्यासाठी पुरेशी आहे.

शीटचा एक जुना रोग आम्हालाही बाधला. एका सभागृहाने आमच्यासाठी तारखा तात्पुरत्या राखून ठेवल्या होत्या आणि त्याची मुदत कुणीतरी ०४/०६ अशी लिहिली. मी ४ जून वाचलं, सहकाऱ्याने ६ एप्रिल. सहकारी बरोबर होती. जागा गेली. तारखा समजून घेण्यात स्प्रेडशीट किती आगाऊ असतात हे जीवशास्त्रज्ञांना विचारा: मार्च१, सेप्ट१ असली जनुकांची नावं आपोआप तारखा व्हायची, इतकी की २०२० मध्ये नावंच बदलली गेली. आता आमच्याकडे वर्ष-महिना-दिवस हाच क्रम, आणि महिना अक्षरांत.

घ्यावं का? पन्नास-साठ जणांच्या कार्यशाळेला हे सगळं जास्तच होईल, चार फोन करा. दोनशेच्या वर माणसं आणि दोन-तीन देश आले की शीट हवीच, मतदान नसलं तरी चालेल. पुढच्या परिषदेसाठी मी ‘नकोत’चं पान आत्ताच पाठवलंय. पहिलं उत्तर एका वक्त्याचं आलं, वीस मिनिटांत, सहा आठवडे खोडून.