हाय-फायचा भाव करायचा कुठे: संभाजीनगर, पुणे-मुंबई की हैदराबाद?

टीव्ही-फ्रिजची दुकानं लातूरपासून परभणीपर्यंत पायलीला पन्नास आहेत. पण हाय-फाय म्हणजे गाणी आणि सिनेमा ऐकायचे चांगल्या प्रतीचे स्पीकर आणि अँप्लिफायर. केईएफ, डाली, मॅरान्झ, रेगा असल्या परदेशी ब्रँडचा असा माल निवांत बसून ऐकायचा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला संभाजीनगर, नाहीतर सरळ पुणे-मुंबई गाठावी लागते. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. ठिकाणानुसार भाव बदलतो आणि भाव करायची रीतही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माल बिघडल्यावर जो माणूस तुमच्या घरी येणार आहे, त्याच्याशी फार ताणू नका. जो येणार नाही, त्याच्याकडून मात्र शेवटचा रुपया सोडवून घ्या.

सूट नेमकी कशात असते

परदेशी ब्रँडचा माल बहुतेक वेळा देशात एखादाच अधिकृत आयातदार आणतो आणि विक्रेता त्याच्याकडून घेतो. विक्रेत्याला प्रत्येक वस्तूवर सारखा नफा सुटत नाही. एव्ही रिसीव्हरवर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) कमी सुटतो, कारण त्याचा ऑनलाइन भाव गिऱ्हाईक मोबाइलवर दाखवतो. स्पीकरवर बऱ्यापैकी सुटतो. केबल, स्टँड, पॉवर कॉर्ड यांत सगळ्यात जास्त. म्हणून "एकूण बिलावर किती टक्के सोडता?" असं विचारलं की विक्रेता खूश होतो. रिसीव्हरमधली अडचण पुढे करून तो सगळ्याच मालाची टक्केवारी खाली आणतो.

उदाहरणादाखल एक कोटेशन धरू. फ्लोअरस्टँडिंग (जमिनीवर उभ्या) स्पीकरची जोडी १,६०,०००, रिसीव्हर ९०,०००, सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) ६०,०००, केबल २०,०००. एकूण ३,३०,०००. सरसकट ८ टक्के सुटले तर २६,४०० वाचतात. आता तेच सुटं करून बोला. स्पीकरवर १५ टक्के म्हणजे २४,०००, सबवूफरवर १२ टक्के म्हणजे ७,२००, रिसीव्हरवर नावाला ३ टक्के म्हणजे २,७००. केबल तर यादीतूनच काढा. ८ ओहमच्या स्पीकरला पाच-सात मीटरपर्यंत १४ गेजची चांगली तांब्याची तार पुरते, आणि ती पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. तिला पाच हजार धरले तरी १५,००० वाचले. झाले ४८,९००. आकडे मी धरलेले आहेत, पण सुटं बोललं की असाच फरक पडतो.

संभाजीनगर

इथे तुम्हाला भेटतो तो बहुतेक करून होम थिएटर बसवून देणारा माणूस. डेमोला दोन-चारच जोड्या असतात, बाकीचं ब्रोशरवर. निवड कमी आणि भावही जरा चढा, कारण त्याची उलाढाल मुंबईवाल्याएवढी नसते. तरी तीन लाखांच्या वरचा आणि पाच-सात स्पीकरचा संच असेल तर मी इथेच घ्या म्हणेन.

त्याचं कारण आपली घरं. वर स्लॅब, खाली शहाबादी किंवा मार्बल, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. मुंबईच्या डेमो रूममध्ये जाड गालिचा आणि फोमचे पॅनल असतात. तिथे ऐकलेला बास जालन्याच्या दिवाणखान्यात तसा येत नाही. सबवूफर कोपऱ्यातून दोन फूट सरकवला तरी फरक पडतो, आणि हे सरकवायला माणूस घरी यावा लागतो. त्यात विजेचा लपंडाव. व्होल्टेज वरखाली झाल्याने बोर्ड गेला तर वॉरंटीत बहुतेक बसत नाही, म्हणून स्टॅबिलायझरचा विषय सौद्याच्या वेळीच काढावा.

तर इथे पैशापेक्षा काम मागा. बसवणं, मायक्रोफोन लावून कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं), महिन्याभराने पुन्हा एक फेरी (सामान हललेलं असतं, पडदे लागलेले असतात), आणि वॉरंटीत माल कंपनीच्या सेंटरला नेऊन परत आणायचा खर्च कोणाचा, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी "करून देऊ ना दादा" याला नंतर काही अर्थ राहत नाही. तीस किलोची पेटी पदराला खार लावून पुण्याला पाठवायची वेळ आली की पाच टक्के जास्त सुटल्याचा आनंद ओसरतो.

पुणे-मुंबई

दोन-चॅनेलवाल्यांसाठी, म्हणजे एक अँप (अँप्लिफायर), स्पीकरची एक जोडी, जमलं तर टर्नटेबल (तबकड्या वाजवायचा), एवढंच हवं असलेल्यांसाठी हेच ठिकाण. इथे एकाच अँपवर तीन-चार जोड्या बदलून ऐकता येतात. बसवायलाही फार काही नसतं, आपलं आपण जमतं.

भाव करायची पद्धत मात्र आपल्या बाजारासारखी नाही. दारातूनच "शेवटचं किती?" विचारलं की शेठ ओळखतो, हा फक्त भाव काढायला आलाय. आधी फोन करून वेळ ठरवा, बजेट खरं सांगा, आपली गाणी घेऊन जा. ऐकून झाल्यावर मॉडेल नक्की करा आणि मग म्हणा, "मी संभाजीनगरहून आलोय. आज अर्धे पैसे भरून जातो. यात तुम्हाला काय जमतंय?" अशा वेळी शेठ कॅल्क्युलेटर ओढतो, आकडा मारतो आणि बोलून न दाखवता पडदा तुमच्याकडे वळवतो, कारण शेजारच्या सोफ्यावर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असतं. तो आकडा मोठ्याने वाचू नका. तुमचा आकडा त्याच कॅल्क्युलेटरवर मारून परत द्या. सौदा तिथेच होतो किंवा मोडतो.

दोन तास ऐकायचं एकाकडे आणि घ्यायचं ऑनलाइन, हे मला पटत नाही. डेमो रूमचं भाडं तो भरतो. ऑनलाइन भाव दाखवायचाच असेल तर ऐकायला बसण्याआधी दाखवा आणि "याच्या जवळपास येता का?" असं सरळ विचारा. तो नाही म्हणाला तर दोघांचाही वेळ वाचतो.

पोहोच मात्र सौद्यातच धरून घ्या. ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनपर्यंत की घरापर्यंत, विमा कोणी भरायचा, खोका फाटका निघाला तर काय, हे पैसे देण्याआधी ठरलं पाहिजे. खोका ताब्यात घेताना आणि उघडताना व्हिडिओ काढा.

हैदराबाद

नांदेडकरांना पुण्यापेक्षा हे खूपच जवळ. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच, त्यामुळे परराज्यातून घेतलं म्हणून कर वाचेल ही समजूत सोडा. फायदा एकच: पुण्याचं कोटेशन खिशात असेल तर बोलायला जोर येतो, आणि उलटही. बाकी सगळं पुण्यासारखंच.

"बिल नको असेल तर..."

हे वाक्य कुठेही ऐकू येऊ शकतं. वरच्या ३,३०,००० मध्ये कर ५० हजारांच्या आसपास बसतो, म्हणून मोह पडतो. पण विचार करा. अधिकृत माल असेल तर विक्रेत्याने आयातदाराला कर आधीच भरलेला असतो. बिनबिलाचं विकून त्याचा वाचतो तो फक्त स्वतःच्या नफ्यावरचा कर. तरीही कोणी १५-१८ टक्के सोडत असेल, तर माल मुळात कुठल्या वाटेने आला याची शंका घ्यावी. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. अमेरिकेचा माल १२० व्होल्टचा, जपानचा १०० चा, आपली लाइन २३० ची. भाच्याने तिकडून आणलेल्या अँपलाही हेच लागू. शिवाय इथला आयातदार सिरियल नंबर बघूनच वॉरंटी मानतो.

पक्क्या बिलाचा आणखी एक उपयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुंबईत घेतलेल्या मालासाठी बीडचा माणूस बीडमध्येच दाद मागू शकतो. आणि हो, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे, म्हणून "कॅशमध्ये अजून कमी करतो" हे बोलणं मोठ्या सौद्यात टिकत नाही. कार्डावर दोन टक्के जास्त मागितले तर सरळ बँकेतून आरटीजीएस करा. नो-कॉस्ट ईएमआय घेतला तर बहुधा रोखीची सूट जाते. दोन्ही भाव शेजारी मांडूनच ठरवा.

डेमो पीस

डेमो पीस म्हणजे दुकानात ऐकवायला उघडलेला माल. सगळ्यात मोठी सूट इथे मिळते आणि बोलणीही सोपी असतात, कारण नवं मॉडेल यायच्या आधी दुकानदारालाच तो काढायचा असतो. मार्चअखेर आणि नवं मॉडेल जाहीर झाल्यावरचे महिने बरे. दिवाळीत दुकानात गर्दी असते, तेव्हा डेमो पीसचा विषय काढायला दुकानदाराला फुरसत नसते. घेताना स्पीकरच्या कोनभोवतीचं (हलणाऱ्या पडद्याभोवतीचं) रबर बोटाने हलकेच दाबून बघा, ट्वीटरचा (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचा) घुमट आत दबलेला नाही ना ते बॅटरीच्या उजेडात बघा. रिमोट, कॅलिब्रेशनचा माईक, स्पाइक्स (स्पीकरखालचे टोकदार पाय) आणि मूळ खोका मागून घ्या. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून की पीस दुकानात उघडला तेव्हापासून, हे बिलावरच लिहायला लावा. खोका नसेल तर मी आणखी भाव पाडतो, कारण खोक्याशिवाय स्पीकर ट्रान्सपोर्टने लातूरला धड पोहोचत नाही.