बायर्न तिकीट: सुट्टी तुमची, घड्याळ तिकिटाचं

म्युनिकमध्ये राहणाऱ्या चार-पाच मित्रमैत्रिणींना जोडून आलेल्या सुट्टीत एखादं शहर बघून रात्री घरी परतायचं असेल, तर बायर्न तिकीट, म्हणजे बायर्न राज्यात स्थानिक गाड्यांनी दिवसभर फिरायचं तिकीट, अजूनही सगळ्यात चांगला सौदा आहे. लोकांचे पैसे वाया जातात ते तिकीट महाग असल्याने नव्हे. त्याची वेळ आणि हद्द नीट न वाचल्याने जातात.

आधी हिशेब. मूळ दर एका माणसाचा. पुढच्या प्रत्येकासाठी भरायची रक्कम त्या मानाने बरीच कमी, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच जण. एकट्याने जाताना फायदा जेमतेम, पण तिघांपासून पुढे तो डोळ्यांत भरतो. सहावा मित्र निघाला की दोन तिकिटं लागतात. तेव्हा पाच आणि एक अशी विभागणी करू नका, तीन-तीनची करा. पैसे तेवढेच लागतात आणि शहरात पोचल्यावर दोन गट वेगळे फिरू शकतात. गटात कुणाकडे डॉइचलांड तिकीट असेल, तर त्याला यात मोजायचंच नाही. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेला तो मासिक पास २०२६ पासून ६३ युरोंना आहे. म्युनिकहून ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग स्टेशनापर्यंत तोही चालतो आणि त्याला सकाळच्या वेळेचं बंधन नाही. मात्र पाहुण्या भावंडासाठी महिनाभर म्हणून घेत असाल, तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

बायर्न तिकिटावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव लागतं. मशीनमधून कागदी तिकीट काढलंत तर गाडीत बसण्याआधी पेनाने, ठळक अक्षरांत, नाव आणि आडनाव लिहा, ओळखपत्रावर असेल तसंच. ते दुसऱ्याला देता येत नाही आणि परतही करता येत नाही. म्हणून कोण येणार हे पक्कं झाल्यावरच काढा. शुक्रवारी रात्री ऐन वेळी गळणारं एखादं नाव हमखास असतं.

आता वेळ. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ पासून, शनिवार-रविवारी आणि संपूर्ण बायर्नमध्ये पाळल्या जाणाऱ्या सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासून. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. सगळ्यात जास्त लोक फसतात ते जोडसुट्टीच्या शुक्रवारी. क्रिस्टी हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइशनाम हे सुट्टीचे दोन्ही ख्रिस्ती सण नेहमी गुरुवारी येतात. मधल्या शुक्रवारी रजा टाकून सगळे चार दिवस मोकळे करतात, पण तिकिटाच्या लेखी तो कामाचाच दिवस. त्या दिवशी ८:५० ची गाडी पकडलीत तर तिकीट लागू नाही. इतकंच काय, ८:३० ला घरून स्टेशनवर यायला जी ऊ-बान (भुयारी रेल्वे) घ्याल तीही त्यात बसत नाही, त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. गुरुवारी जाणं शक्य असेल तर गुरुवारीच जा.

तिकीट चालतं ते आरई आणि आरबी या स्थानिक गाड्यांत, एस-बान या उपनगरी गाड्यांत, तसंच शहरातल्या ऊ-बान, ट्राम आणि बहुतेक बसमध्ये. आयसीई, आयसी, ईसी आणि रेलजेट या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. डीबी नेव्हिगेटर या रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये शोधताना फक्त स्थानिक गाड्यांचा पर्याय निवडा, नाहीतर पहिल्या तीन ओळी आयसीईनेच भरतात. आरई गाडीला उशीर झाला म्हणून मागून येणाऱ्या आयसीईत चढायचा हक्क साध्या तिकिटावर काही अटींवर मिळतो. या सवलतीच्या तिकिटावर तो मिळत नाही. सापडलात तर माणशी किमान ६० युरो, आणि ‘गाडी लेट होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.

पहिल्या फेरीला न्यूरेंबर्ग निवडावं. इंगोलश्टाटमार्गे जाणारी आरई-१ घ्या, पावणेदोन तासांच्या आसपास पोचवते. आयसीईसाठी २००६ साली सुरू झालेल्या वेगवान मार्गावरूनच ती जाते आणि ताशी १९० किलोमीटरपर्यंत वेग घेते. स्थानिक तिकिटावर असा प्रवास क्वचितच मिळतो. ट्रॉयख्टलिंगेनमार्गे जाणारी आरबी मात्र बराच जास्त वेळ खाते, तेव्हा फलकावर फक्त ‘न्यूरेंबर्ग’ वाचून चढू नका, मधली स्टेशनं बघा. स्थानिक गाड्यांत सहसा आरक्षण नसतं. पाच जणांना एकत्र बसायचं असेल तर सुट्टीच्या सकाळी वीस मिनिटं आधी फलाटावर हजर राहा आणि गाडीच्या टोकाच्या डब्यांकडे चाला. जिन्याजवळचे मधले डबे आधी भरतात.

तिथे उतरल्यावर तिकिटाचा खरा फायदा कळतो, कारण शहरातली ट्राम आणि ऊ-बानही त्यातच येतात. यू-२ आणि यू-३ या मार्गांवरच्या गाड्या चालकाविना धावतात. पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेपाशी उभं राहिलं की बोगदा, रूळ आणि पुढच्या स्टेशनचा लहानसा उजेड समोरून मोठा होत येताना दिसतो. यू-१ ने फ्युर्थला जाता येतं. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ ला याच दोन गावांमध्ये धावली.

साल्झबर्ग तिकिटात येतं, पण फक्त मुख्य स्टेशनापर्यंत. शहरातल्या बसला वेगळं तिकीट. मिराबेल बागेवरून जुन्या शहरापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेव्हा बसची फारशी गरजही नाही. म्युनिकहून दोन तासांच्या आत पोचवणाऱ्या स्थानिक गाड्या मुख्य स्टेशनाच्या बाजूच्या, ५ ते १० क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात, मोठ्या छपराखालून नव्हे. तिथवर चालायला पाच-सात मिनिटं धरा. ओस्ट स्टेशनवरून चढायचा विचार सोडा, तोवर बाकं भरलेली असतात. रोझेनहाइमला एक फाटा कुफश्टाइनकडे जातो, म्हणून डब्यातला फलक वाचा. टेगर्नझेकडे जाणाऱ्यांनी तर चढतानाच बघावं, कारण ती गाडी वाटेत तुटते आणि तिचे भाग वेगवेगळ्या गावांना जातात. चुकीच्या भागात बसलेला मित्र तिकिटाविना प्रवासी ठरतो, कारण तिकीट तुमच्या खिशात असतं.

सुट्ट्यांची गंमत साल्झबर्गमध्ये उपयोगी पडते. गुड फ्रायडे आणि ३ ऑक्टोबर या जर्मनीतल्या सुट्ट्या ऑस्ट्रियात नाहीत. गुड फ्रायडेला, आणि ३ ऑक्टोबर रविवारी आला नाही तर त्या दिवशीही, तिथे दुकानं उघडी असतात आणि खरेदी होते. गर्दीही तितकीच होते. फ्रोनलाइशनामला मात्र दोन्हीकडे सगळं बंद. अशा दिवशी पराठ्यांचा डबा सोबत ठेवा, गाडीत खायला कुणाची हरकत नसते.

साल्झबर्गला जाताना भारतीय पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ स्वरूपात हवेत. मोबाइलमधला फोटो चालत नाही. परत येताना फ्राइलासिंग या सीमेलगतच्या जर्मन स्टेशनात पोलीस डब्यात येऊन तपासतात. कार्ड नूतनीकरणाला दिलेलं असून हातात फक्त तात्पुरता कागद असेल, तर तो सीमेपलीकडे चालतो का हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आधी विचारा. विचारायला वेळ नसेल तर त्या सुट्टीला न्यूरेंबर्गलाच जा.

मुक्कामाचा बेत असेल तर हे तिकीट घेताना दोनदा विचार करा. ते एका दिवसाचं असतं, परतीला दुसरं काढावं लागतं. जाण्याची तारीख आधीच ठरलेली असेल, तर लवकर काढलेलं आयसीईचं सवलतीचं तिकीट कधीकधी जवळपास तेवढ्यातच पडतं आणि आरक्षित जागाही घेता येते. एका दिवसाच्या फेरीत मात्र बायर्न तिकिटाला तोड नाही. संध्याकाळी साल्झबर्गहून निघताना तपासणीसाठी गाडी फ्राइलासिंगला थांबून राहू शकते, म्हणून म्युनिकच्या पुढच्या जोडगाडीसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. मध्यरात्र उलटली तरी पहाटे ३ पर्यंत रात्रीची ट्राम किंवा बस त्याच तिकिटावर घरापर्यंत सोडते.