जुन्या फोटोंची मागची बाजू

आमचे पणजोबा तेलंगणातल्या करीमनगरकडून सोलापुरात आले ते मागावर काम मिळेल म्हणून. पूर्व भागातल्या बऱ्याच पद्मशाली (तेलुगू विणकर) घरांची हीच कथा. कागदपत्रं काही नाहीत, होते ते फक्त अकरा फोटो, बिस्किटाच्या डब्यात. पणजोबा हातमागासमोर, आज्जी विड्या वळताना, मार्कंडेयाच्या रथापुढे सगळी भावंडं.

गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी गल्लीत एकजण आला. "जुने फोटो नवे करून देतो, रथोत्सवाला भिंतीवर लावा." आईशी तेलुगूत बोलला, तिथंच आम्ही फसलो! चहा झाला, गावं निघाली, नाती निघाली. आगाऊ ३,५०० रुपये फोन-पेवर घेतले, वर मूळ फोटोही नेले. "मशीनला मूळच लागतात," म्हणाला. पावती मागायचं सुचलंच नाही.

तीन आठवड्यांनी गुळगुळीत, रंगीत प्रिंट आल्या. अत्त्यानं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हा आमचा तात नव्हे." (तात म्हणजे तेलुगूत आजोबा.) खरंच नव्हता. तुटलेल्या कानाच्या जागी नवा कान, गालावरचा देवीचा व्रण गायब, मिशी भलतीच. एआयनं कुणीतरी देखणा माणूस बनवला होता. मूळ फोटो मागितले तर आधी "उद्या", मग "आणखी २,०००", मग फोन बंद.

मी १९३० वर तक्रार केली. (सोलापूरकराला १९३० म्हटलं की त्या सालचा इंग्रजांचा मार्शल लॉच आठवतो, पण हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. फोन पैसे गेल्या गेल्या करायला हवा होता, मी महिन्यानं केला.) पैशाचं सोडा. फोटोंच्या मागं पणजोबांनी तेलुगूत शाईनं लिहिलं होतं: कोण, कुठलं गाव. ते वाचता येणारी घरात फक्त अत्त्या, आणि तिला आता दोनच नावं आठवतात. गावाचं नाव त्यात नाही.

तुमच्याकडं असा डबा असेल तर आज खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा. स्कॅन करायचंच तर दुकानात समोर उभं राहून, ६०० डीपीआयवर (स्कॅनची बारकाई). मूळ फोटो हातातून सोडू नका, आणि लॅमिनेशन तर नकोच.

पणजी-पणजोबांचा बारावा फोटो देवघरात फ्रेममध्ये होता, म्हणून वाचला. ओलीनं तो काचेला चिकटलाय. सोलायला गेलं तर चेहराच निघून येईल, म्हणून काचेवरूनच त्याचा फोटो काढून ठेवलाय. मागं काही लिहिलंय का, हे बघायची छाती होत नाही.