कॅटकॉनच्या नावाखाली रिकामा डबा: बिल देण्याआधी एवढं तपासा

कसारा घाट चढताना चेक इंजिनचा दिवा लागला. नाशिकला पोचल्यावर हायवेलगतच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला, पी०४२० कोड निघाला आणि फिटरने जागच्या जागी निकाल दिला: "कॅटकॉन गेलंय साहेब, नवीनच टाकावं लागेल." कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा. इंदिरानगरच्या एका कुटुंबाच्या २०१८ च्या पेट्रोल गाडीचा हा प्रकार. ३८,००० रुपये बिल झालं, दिवा विझला. पुढे पीयूसीला मात्र गाडी नापास झाली.

दुसऱ्या गॅरेजात लिफ्टवर घेतल्यावर खरं काय ते कळलं. कॅटकॉन जुनंच होतं. कवच कापून आतली जाळी काढून घेतलेली, परत वेल्डिंग मारून वर चंदेरी रंग फासलेला. रबरी हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज. कॅटकॉनच्या पुढे आणि मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक ओटू सेन्सर असतो; त्यातला मागचाही थेट पाइपात नव्हता, मध्ये नटासारखा लोखंडी स्पेसर बसवला होता. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून भंगारातही तिला चांगला भाव येतो. म्हणजे गिऱ्हाइकाकडून नव्या पार्टचे पैसे घेतले आणि जुनी जाळी विकून वर आणखी कमावले.

दिवा का विझला, तर स्पेसरमुळे सेन्सर धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढला जातो, त्याचं रीडिंग संथ होतं आणि ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) वाटतं कॅटकॉन काम करतंय.

पी०४२० म्हणजे "कॅटकॉन बदला" असा हुकूम नाही. कॅटकॉनचं काम कमी पडतंय असं दोन सेन्सरांच्या तुलनेवरून ईसीएमला वाटलं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा फिटरला लाइव्ह डेटा दाखवायला सांगा. इंजिन पूर्ण तापवून २,५०० आरपीएमवर धरायचं. साध्या चार वायरी सेन्सरच्या गाडीत पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो, मागचा ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तरच कॅटकॉनवर संशय घ्यायचा, आणि तोही लीकेज तपासल्यानंतर. पुढचा सेन्सर वाइडबँड (वेगळ्या पद्धतीने मोजणारा) असेल तर त्याला हे आकडे लागू नाहीत, मागच्याचंच रीडिंग बघा. पी०१३५ किंवा पी०१४१ आला असेल तर दोष सेन्सरच्या हीटर सर्किटचा. आधी फ्यूज, कनेक्टर आणि वायरिंग बघायचं, कॅटकॉनला हातसुद्धा लावायचा नाही.

या गाडीत पुढच्या फ्लँजवर (पाइपांच्या जोडावर) काजळीचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. तिथलं पॅकिंग गळत होतं. अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि हाच कोड येऊ शकतो. तपासणी अगदी सोपी: थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं, सायलेन्सरचं तोंड क्षणभर कापडाने दाबायचं, बुडबुडे येतात का बघायचं. हे झालंच नाही. आता जाळीच गायब असल्याने ती मुळात खराब होती की नव्हती हे कधीच कळणार नाही, आणि आमच्या मते फसवणुकीचा सगळ्यात वाईट भाग हाच आहे.

कॅटकॉन खरोखर जातंही. कॉइल किंवा प्लगमुळे मिसफायर झालं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटलं नाही, की न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन जळतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तरी ती निकामी होते. म्हणून पी०३०० ते पी०३०४ पैकी मिसफायरचा कोड असेल तर आधी तो निस्तरायचा, नाहीतर नवीन कॅटकॉनचीही तीच गत होईल.

काम द्यायच्या आधी कॅटकॉन, वेल्डिंगच्या रेषा आणि मागच्या सेन्सरची जागा यांचे फोटो काढा. नव्या पार्टचा खोका, पार्ट नंबर आणि जीएसटी बिल मागा. जुना पार्ट परत हवा हे जॉबकार्डावर लिहूनच घ्या. "जुना कंपनीला जातो" म्हणाले तर तसा कागद दाखवा म्हणावं.

फसला असाल तर गाडी दुरुस्त करण्याआधी दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल, फोटो आणि पीयूसीचं रीडिंग जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.