जंप स्टार्टर चांगला आहे, फक्त तो डिकीत ठेवू नका

रेटिंग आधीच सांगते: पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार माहितीपुस्तिकेच्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी कापला आणि एक त्यातल्या एका बटणासाठी. बाकी वस्तू चोख आहे.

हा जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरलेल्या गाडीला बाहेरून वीज देऊन उठवणारा डबा, मी स्वतःहून घेतलाच नव्हता. भाच्याने आणून दिला. "मावशी, डिकीत टाकून ठेव." मी म्हटलं, "अरे, माझी गाडी इलेक्ट्रिक आहे, तिला इंजिनच नाही. स्टार्ट काय करायचंय?" तो म्हणाला, "टाकून ठेव गं." टाकला आणि विसरले. जाड वहीएवढा डबा, वजन साधारण अर्धा किलो, एका बाजूने लाल आणि काळा असे दोन चिमटे लावायची सोय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते, त्यामुळे माझा अर्धा दिवस गाडीत जातो. त्या दिवशी सकाळी सात वाजता एका आजोबांकडे पोचायचं होतं. गुडघा बदलून बारावा दिवस. या दिवसांत व्यायाम चुकवून चालत नाही, गुडघा आखडतो. पावणेसहाला खाली उतरले, रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. जवळ जाऊन दाबलं. हँडलवरचं बटण दाबलं. फोनमधलं ॲप उघडलं, तर ते गोल गोल फिरून म्हणालं की गाडीशी संपर्क होत नाही. आणि त्याच ॲपमध्ये, रात्रीचा शेवटचा आकडा म्हणून, चार्ज ८३ टक्के दाखवत होतं.

८३ टक्के भरलेली गाडी मेली कशी, हे तेव्हा मला कळेना. परत वर गेले, कपाटातला दुसरा रिमोट आणला. तोही नाही. इथे मात्र डोकं चाललं: दोन्ही रिमोटचे सेल एकाच रात्री संपणं अवघड. म्हणजे दुखणं चावीत नाही, गाडीत आहे.

हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या मुलाने अतिशय नम्रपणे ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. ते केलं. मग म्हणाला, माणूस पाठवतो, दोन तास धरा. माझ्या हातात सव्वा तास होता.

रिमोटच्या पोटात एक साधी धातूची चावी असते हे मला माहीत होतं, पण साडेतीन वर्षांत ती एकदाही बाहेर काढली नव्हती. ड्रायव्हरच्या हँडलवर एक टोपण असतं, त्याच्या खालच्या फटीत चावीचं टोक घालून ते उचकटायचं, मग भोक दिसतं. नख तुटलं, दार उघडलं. आणि आतला दिवा लागला नाही. इथेच निदान झालं. दिवा लागला असता तर मी रिमोटवर नाहीतर सॉफ्टवेअरवर संशय घेतला असता. दार उघडून दिवाही लागत नाही म्हणजे छोटी बॅटरी आटली.

ही छोटी बॅटरी म्हणजे बारा व्होल्टची, अगदी पेट्रोल गाडीत असते तशीच. कुलपं, दिवे, काचा, सगळे कॉम्प्युटर हिच्यावर चालतात. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी, शेकडो व्होल्टची. गाडी बंद केली की सुरक्षिततेसाठी तिचा बाकी गाडीशी संबंध तोडला जातो, आणि तो जोडणारे कॉन्टॅक्टर नावाचे जाडजूड स्विच ओढायला पुन्हा बारा व्होल्टच लागतात. हृदय ठणठणीत, पण पेशंट शुद्धीवर नाही, असा प्रकार. पेट्रोल गाडी निदान आधी कण्हते, स्टार्टर रेंगाळतो, आपल्याला कळतं की बॅटरी चालली. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे कण्हणं नाही. काल ठीक, आज ठप्प.

आणि मग आठवलं की यावरचं औषध डिकीत आहे. डिकीचं कुलूप विजेवर चालतं.

पुढची दहा मिनिटं मी मागच्या सीटची पाठ पाडून, पार्सल ट्रेच्या खालून, पोटावर सरकत डिकीत शिरले. पेशंटना मी रोज सांगते की कमरेतून वाकून, पिळून काही उचलू नका. मी नेमकं तेच केलं. डबा हाताला लागला तेव्हा पाय स्टिअरिंगपाशी होते. भाच्याला अजून हे सांगितलेलं नाही.

बॉनेटची कडी माझ्या गाडीत तारेने ओढायची आहे, विजेची नाही, म्हणून निभावलं. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा गाडीच्या अंगावर खूण केलेल्या उघड्या धातूला. जाड नारिंगी वायरी दिसतात त्यांच्या वाटेला जायचं नाही, तो मोठ्या बॅटरीचा रस्ता. एवढं सगळं नीट केलं तरी डबा लाल दिवा लुकलुकवत पीं पीं करत बसला.

हाच तो कापलेला एक स्टार. बॅटरी अगदी खाली गेलेली असली तर या डब्याला पलीकडे बॅटरी आहे हेच जाणवत नाही, आणि तो वीज सोडत नाही. त्यासाठी 'बूस्ट'चं बटण तीन सेकंद दाबून धरायचं असतं. हे पुस्तिकेत पान नऊवर, तळाला. चष्मा वर राहिलेला. फोनने फोटो काढून तो मोठा करून वाचला. पण त्याच ओळीच्या खाली आणखी महत्त्वाचं होतं: बूस्ट दाबला की उलट जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं. म्हणजे लाल-काळ्याची अदलाबदल झाली असेल तर एरवी डबा आपल्याला वाचवतो, या बटणानंतर वाचवत नाही. अंधारात, घाईत, घाबरलेल्या माणसाने दाबायचं बटण, आणि इशारा इतक्या बारीक अक्षरांत. हा डब्यावर ठळक छापायला हवा होता.

चिमटे पुन्हा तपासले, बटण धरलं. आधी कुठेतरी खरखर झाली, मग आरसे हलले, पडदा उजळला. ब्रेकवर पाय ठेवून सुरूचं बटण दाबलं, खालून 'टक' आवाज आला आणि 'रेडी' लिहून आलं. तो टक म्हणजे कॉन्टॅक्टर जोडले गेल्याचा. त्यापुढे मोठी बॅटरीच डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे तिचे शेकडो व्होल्ट छोटीला झेपतील इतके उतरवणाऱ्या यंत्रामार्फत, छोटीला भरवते, डब्याचं काम संपतं. आधी काळा चिमटा काढला, मग लाल. डब्यावरचे चार्ज दाखवणारे चार ठिपके आधी होते तसेच चारच्या चार. सात वाजून आठ मिनिटांनी आजोबांकडे पोचले.

डब्यावर १०,००० एमएएच लिहिलंय, त्यावर भुलू नका. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा, हिशेब केला तर ३७ वॉट-अवर, म्हणजे बारा व्होल्टवर जेमतेम ३ अँपिअर-अवर. गाडीची छोटी बॅटरी याच्या दहापट तरी मोठी असते. हा डबा तिला भरू शकत नाही, फक्त जागं करू शकतो. इलेक्ट्रिक गाडीला तेवढंच हवं असतं, इंजिन फिरवायचं नसल्यामुळे. मेव्हण्यांच्या जुन्या डिझेल गाडीवर हाच डबा लावून पाहिला. तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली, डबा चांगला तापला आणि दोन ठिपके गेले. डिझेलसाठी घेत असाल तर मोठा घ्या.

एकदा गाडी उठली म्हणजे बरी झाली असं मी समजले, ही माझी चूक. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेतला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी छोट्या बॅटरीवर ११.६ व्होल्ट. शिसे-आम्लाची धडधाकट बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी; ११.६ म्हणजे रिकामी. 'रेडी'मध्ये असताना मात्र १४.२, म्हणजे भरवणारं यंत्र ठीक, पचवणारी बॅटरीच थकली. हा दुसरा आकडा जरूर बघा. तो तेराच्याही खाली असेल तर नवी बॅटरी घालूनही तुम्ही पुन्हा तिथेच याल, कारण बिघाड भरवणाऱ्या युनिटमध्ये असू शकतो. असं होत नाही असं समजू नका: २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ह्युंदाई, जेनेसिस आणि कियाच्या मिळून जवळपास १ लाख ४७ हजार इलेक्ट्रिक गाड्या याच कामाच्या युनिटसाठी परत बोलावल्या गेल्या होत्या.

माझ्या बॅटरीला मीच मारलं, हेही कबूल करते. गाडी उभी असतानाही चालू राहणारा डॅशकॅम लावला होता, तो रात्रभर बारा व्होल्टवर जगायचा. रिमोट टांगायचा खिळा पार्किंगच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे गाडीला चावी जवळ असल्याचा भास होऊन ती पुन्हा पुन्हा जागी व्हायची. आणि मला दर तासाला ॲप उघडून चार्ज बघायची खोड. प्रत्येक वेळी गाडीला झोपेतून उठवायचं. ज्याला धड झोप नाही तो किती दिवस टिकणार? नवी बॅटरी बसवली, खिळा हलवला, डॅशकॅम गाडी बंद झाली की बंद होईल असा जोडला. खोड अजून आहे, पण कमी.

हा डबा कधी काढू नये तेही सांगते. मध्यंतरी एका हॉस्पिटलच्या तळघरात गाडी उघडेना. मी शहाणपणाने लगेच बॉनेटकडे निघाले, पण धातूच्या चावीने दार उघडताच आतला दिवा लख्ख लागला आणि भोंगा वाजायला लागला. म्हणजे गाडीत जीव होता. रिमोटमधला सीआर २०३२ नाणे-सेल संपला होता, आणि तळघरात रेंज नसल्यामुळे ॲपही मुकं. सेल मेला तरी रिमोटमधली ओळख पटवणारी चिप गाडीच्या जवळून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते, म्हणून तो सुरूच्या बटणाला टेकवून धरला की गाडी चालू होते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, कपहोल्डरमध्ये वगैरे. आपल्या गाडीतली जागा आजच शोधून ठेवा, तळघरात नाही.

घेण्याआधी आणखी एक बघा: तुमच्या गाडीला चावीचं भोक आणि तारेचं बॉनेट आहे का? टेस्ला मॉडेल ३ ला भोकच नाही; तिथे पुढच्या बंपरमधल्या टोइंगच्या झाकणामागे दोन वायरी असतात, त्यांना बाहेरून बारा व्होल्ट दिले की पुढचं झाकण सुटतं, मग आत पोचता येतं. अशा गाडीला हा डबा उपयोगी, पण वेगळ्या रीतीने. आणि तुमची छोटी बॅटरी लिथियमची असेल तर गाडीच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहिल्याशिवाय चिमटे लावू नका. आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायला मात्र बहुतेक पुस्तिका सरळ नाही म्हणतात. त्या परोपकारासाठी हा डबा बरा.

देखभाल म्हणाल तर दर तीन महिन्यांनी चार्ज करायचा, टाइप-सी वायर चालते. उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवायचा नाही, आतले सेल लिथियमचे आहेत. म्हणजे भाच्याचा डिकीचा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा होता.

आता डबा माझ्या कामाच्या बॅगेत असतो, व्यायामाच्या रबरी पट्ट्यांच्या शेजारी. परवा आजोबांकडे पट्टी काढताना तो बाहेर आला, लाल-काळ्या चिमट्यांसकट. आजोबांनी ऑपरेशन झालेला पाय चटकन मागे घेतला. पूर्ण वाकवून. तीन आठवडे मी तेच करून घ्यायला झटत होते.