एओथ्रीवर गोष्ट टाकली म्हणजे ती 'प्रकाशित' झाली का? तीन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे सगळे ज्याला एओथ्री म्हणतात, तिथे मी तीन वर्षं मराठीत फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेल्या गोष्टी, लिहितेय. साइट कशी आहे विचाराल तर पाचपैकी साडेचार, डोळे झाकून. पण अकाउंट काढायच्या आधी एक गोष्ट माहीत असायला हवी, मला ती कुणी सांगितली नव्हती आणि कळली तेव्हा उशीर झाला होता.

आधी माझ्या गोष्टीबद्दल. शेरलॉक होम्स 1891 ते 1894 गायब असतो, सगळ्यांना वाटतं गेला, आणि परत आल्यावर तो सांगतो की तिबेटात होतो, नॉर्वेचा प्रवासी म्हणून फिरत होतो. मला कायम वाटायचं की एवढा हिंडणारा माणूस कधीतरी मुंबईला बोटीतून उतरला असणार, आणि मग पुण्यात आला असणार, तेही 1893 मध्ये, सार्वजनिक गणपती सुरू झाले त्याच वर्षी. त्यावर चार प्रकरणं लिहिली, वाड्यातली चोरी, माडीवरची भांडणं, आणि मधेच हा लांब नाकाचा पाहुणा. लिहिताना जेवढी मजा आली तेवढी आधी कशातच आली नव्हती.

टाकायला एओथ्री निवडलं कारण तिथे भाषेत मराठी निवडता येतं, जाहिरात एकही नाही, आणि साइट देणगीवर चालते. 2007 मध्ये फॅन लोकांनीच एक ना-नफा संस्था काढली आणि 2009 मध्ये ही साइट सगळ्यांना खुली झाली. अकाउंटसाठी ईमेल देऊन इन्व्हाइटची वाट बघावी लागते, पण बहुतेक गोष्टी वाचायला अकाउंट लागत नाही. टॅगिंगला तर तोड नाही. लोक वाट्टेल तसे टॅग लिहितात आणि व्हॉलंटियर बसून ते एकमेकांना जोडतात, त्यामुळे शोधलेलं सापडतं. काय वाचायचं ते आपणच शोधायचं, अल्गोरिदम काही समोर ढकलत नाही, हे मला फार आवडतं. आवडलं तर कुडोज द्यायचे, एका वाचकाचे एका गोष्टीला एकदाच.

दुबईतल्या एका ताईंची कमेंट आली होती की त्यांनी गोष्ट डाउनलोड करून वडिलांना वाचून दाखवली, आणि वडिलांनी दुसऱ्या दिवशी विचारलं पुढे काय झालं. ती कमेंट मी किती वेळा वाचली असेल देव जाणे.

आता मुख्य मुद्दा. त्याच गोष्टीवर हात फिरवून मी एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेला पाठवली. नियमांत 'कथा अप्रकाशित असावी' होतं आणि माझ्या मते ती अप्रकाशितच होती, कारण ना पुस्तक, ना आयएसबीएन, ना मानधन, फॅनफिक तर आहे. निवड झाली, मग आठवड्याने संपादकांचा फोन, "ताई, कथा फार आवडली आम्हाला, पण ही नेटवर आधीच आहे की हो." मी म्हटलं काका काढून टाकते आत्ताच. ते म्हणाले, "काढली तरी लोकांनी वाचलेलीच ना." अगदी प्रेमाने बोलले, पण कथा गेली. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मग बसून वाचलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 3 मध्ये प्रकाशनाची व्याख्या आहे, प्रती काढून किंवा लोकांपर्यंत पोचवून कृती जनतेला उपलब्ध करणं म्हणजे प्रकाशन. आणि लोकांपर्यंत पोचवणं म्हणजे प्रत्यक्ष कुणी वाचलंच पाहिजे असंही नाही, उपलब्ध असलं की झालं. म्हणजे शून्य हिट असती तरी काका बरोबरच होते. आणि एओथ्रीवर तर कुणीही अकाउंटशिवाय ई-पब नाहीतर पीडीएफ उतरवून घेतं, त्या दुबईच्या ताईंकडची फाइल मी कशी परत घेणार? गोष्ट डिलीट केली की साइटवरून जाते, कमेंट आणि कुडोजसकट. ऑर्फन केली तर गोष्ट तिथेच राहते, फक्त आपलं नाव निघतं.

एक बरं की होम्स तरी कुणाच्या मालकीचा नाही. होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल 1930 मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो, म्हणजे इथे तो कधीच संपलाय, आणि अमेरिकेत शेवटच्या होम्सकथा 2023 च्या सुरुवातीला मोकळ्या झाल्या. हयात लेखकाचं पात्र घेतलं असतं तर संपादकांकडे न्यायचा प्रश्नच नव्हता, परवानगीशिवाय ते छापणार कोण. एओथ्री तर लेखकांना पैशाला हातही लावू देत नाही, गोष्टीखाली पैसे मागायची लिंकसुद्धा टाकायची नाही.

कुणी म्हणेल की मग विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार, 2019 चा ह्यूगो, मिळालाय ना साइटला, म्हणजे आपण सगळे पुरस्कारविजेते लेखक. नाही, तो पुरस्कार अख्ख्या आर्काइव्हला आहे, एकेका गोष्टीला नाही, पुरस्कार देणाऱ्यांनीच तसं स्पष्ट सांगितलंय. पण पुरस्कार नसला म्हणून प्रकाशन होत नाही असं थोडंच आहे? माझी गोष्ट अनोळखी माणसांनी वाचली, त्यावर भांडले, एकाने तर वाड्याचा जिना चुकलाय म्हणून नकाशा काढून समजावलं. मी आता सरळ म्हणते की माझी एक गोष्ट प्रकाशित आहे.

अर्धा स्टार कापला तो दोन कारणांनी. मराठी वाचक इथे मोजकेच, प्रतिलिपी या गोष्टी वाचायच्या-लिहायच्या अ‍ॅपवर कितीतरी जास्त मिळतात. आणि ड्राफ्ट महिनाभर पोस्ट केला नाही की आपोआप उडतो, त्यामुळे लिहायचं दुसरीकडे आणि इथे फक्त चिकटवायचं.

माझी दुसरी कथा, त्याच पाहुण्याची पण गिरगावातली, सध्या गूगल डॉक्समध्ये आहे. यंदा आधी काकांना पाठवणार, अंक हातात आला की त्यांना विचारून मगच एओथ्रीवर.