पिशवीवरचा लॉट वेगळा, बिलावरचा वेगळा

बोगस बियाण्याच्या बातम्या दर मृगाला येतात. त्यातला बिलाचा खेळ मात्र कुणी उलगडून सांगत नाही, आणि आम्हाला खरा फटका बसला तो तिथेच. सोयाबीनचं बियाणं घ्यायला निघालेल्यांनी एवढं वाचून मग दुकानाची पायरी चढावी.

आमचं रान लातूर जिल्ह्यात, कोरडवाहू. खरिपात सोयाबीन, मधे तुरीचे तास. एरवी आम्ही घरचंच बियाणं पेरतो, पण आदल्या वर्षी काढणीत पाऊस आला, निम्मी रास भिजली. म्हणून अर्ध्या रानाला विकतच्या तीन पिशव्या आणल्या. दुकान तालुक्याचं, अण्णांच्या जुन्या ओळखीचं. मालक म्हणाला, “अण्णा, पक्कं बिल कशाला? चिठ्ठी करून देतो, पिशवीमागं थोडं कमी लावतो.” अण्णांनी हट्टानं पक्कं बिल मागितलं. मग त्यानं तोंड वाकडं करत ते काढलं आणि सोबत एका ‘टॉनिक’ची बाटलीही गळ्यात मारली. हे घेतलं तरच ते मिळेल, अशी जोडविक्री बेकायदा असते. पण पेरणीच्या तोंडावर तिथे वाद घालत कोण बसतो?

पाऊस भरपूर झाला होता, वापसा छान आलेला. एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरनं, एकाच खोलीवर घरचं आणि विकतचं दोन्ही पेरलं. आठवड्यात घरच्या बियाण्याचे तास बांधावरून मोजता येतील असे उठले. विकतच्यात दोन पिशव्यांचं रान बऱ्यापैकी उगवलं. तिसऱ्या पिशवीच्या पट्ट्यात वावभर चाललं तरी दोन-चार रोपं दिसायची मारामार. खुरप्यानं तास उकरला. दाणे होते, जिथल्या तिथे. फुगलेले, चिमटीत धरले की भिजल्या पिठासारखे पिचकणारे, आंबूस वासाचे. कोंबाचा पत्ता नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पेरणी खोल झाली असेल किंवा वर पापुद्रा धरला असेल तर कोंब फुटलेला असतो आणि वर येताना अडकतो, मोडतो. तो उकरल्यावर दिसतो. दाणा कोंबाशिवायच कुजला असेल तर आधी बियाण्याकडे बघावं.

दुकानात ठरलेली उत्तरं मिळाली. रान चिबड, पाणी धरून ठेवणारं असेल. बीजप्रक्रिया केली नसेल. ड्रायव्हरनं खोल टाकलं असेल. शेजारच्या पट्ट्यात घरचं बियाणं उगवलंय त्याचं काय, यावर मालक मोबाइल बघायला लागला.

तक्रार लिहायला बसलो तेव्हा रिकाम्या पिशव्या आणि बिल समोर घेतलं. आईनं पिशव्या खालच्या बाजूनं उसवल्या होत्या, त्यामुळे टॅग शिवणीत शाबूत होते. दोन टॅगवर बिलातलाच लॉट नंबर, म्हणजे बियाणं कुठल्या खेपेचं ते सांगणारा आकडा. तिसऱ्यावर वेगळा. त्या पिशवीच्या तोंडाशी शिवणीच्या वरच्या अंगाला सुईच्या भोकांची आणखी एक ओळ होती, रिकामी, दोऱ्याशिवाय. म्हणजे पिशवी एकदा उसवून पुन्हा शिवलेली. आत मोंढ्यातलं सोयाबीन चाळून भरलं होतं की मुदत सरलेला माल, हे मला सिद्ध करता येणार नाही. भोकं मात्र फोटोत स्पष्ट दिसतात.

तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तालुक्याची तक्रार समिती शिवारात आली, सोबत शास्त्रज्ञ आणि कंपनीचा माणूस. तिन्ही पट्ट्यांत रोपं मोजली, पंचनामा झाला, उगवण कमी असल्याचं लिहिलं गेलं. सोयाबीनला कायद्यानं किमान ७० टक्के उगवण लागते. आमची त्याच्या जवळपासही नव्हती. कंपनीच्या माणसानं सही करायला नकार दिला आणि तिथेच बिलाचा डाव उघडा पडला. तो म्हणाला, “बिलावरच्या लॉटची तक्रार कुठूनच नाही, प्रयोगशाळेत तो पास आहे. ही तिसरी पिशवी आमच्या विक्रेत्यानं तुम्हाला विकली याला पुरावा काय?” पुरावा म्हणजे त्याच दुकानदाराचं बिल, आणि बिलात तीन पिशव्या एकाच लॉटच्या. मालकानं तर सरळ हात वर केले.

बियाणं न उगवणं ही दर वेळी लबाडीच असते असं मी म्हणत नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, पोती आपटली तरी उगवण घटते. २०१९ च्या ऑक्टोबरात पीक भिजलं आणि पुढच्या जूनमध्ये मराठवाड्यात इतकं बियाणं वाया गेलं की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली. पण निसर्ग टॅग बदलत नाही.

तेव्हा दुकानातून निघण्याआधी, मागे कितीही रांग असो, प्रत्येक पिशवीचा लॉट नंबर बिलाशी जुळवा. तीन पिशव्या दोन लॉटच्या असतील तर बिलात दोन्ही नंबर हवेत. टॅगवर परीक्षणाची तारीख आणि मुदत असते, ती वाचा. तोंडाशी दुहेरी भोकं दिसली तर ती पिशवी परत करा. पिशवी नेहमी खालून उसवा आणि टॅगसकट ठेवा. मूठ-दोन मूठ बियाणंही बाजूला राहू द्या. आणि पेरणीआधी प्रत्येक पिशवीतले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. पाच-सहा दिवसांत ७० दाण्यांना तरी मोड यायला हवेत. तक्रार करायची तर पीक मोडून दुबार पेरायच्या आधी करा. कुळव फिरवला की समितीला दाखवायला काही उरत नाही.

“शेतकरी व्यापारासाठी पिकवतो, तो ग्राहक नव्हे” असं कुणी सुनावलं तर घाबरू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात हा मुद्दा फेटाळला आहे. शेतकऱ्यानं तपासणीसाठी बियाणं राखून ठेवायलाच हवं होतं, हेही तिथे मान्य झालं नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षं मिळतात. खरेदीची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावा.

पंचनाम्यानंतर कंपनीचा माणूस घरी आला. तिसऱ्या पिशवीच्या बदल्यात नवी पिशवी, वर खताची दोन पोती, आणि सही करायला एक छापील कागद. पिशवी देणार होता त्याचा उल्लेख वरच्या एका ओळीत, खाली बारीक अक्षरात ‘माझी तक्रार गैरसमजातून झाली होती, ती मी मागे घेत आहे’. गावातल्या दोघांनी तो कागद सही करून दिला, नंतर त्यांच्या अर्जावर पुढे काहीच झालं नाही. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “गैरसमज आमचा नाही, शिवण तुमची. खतं घेऊन जा.”

प्रकरण आता जिल्हा आयोगात आहे. समोरच्यांना लेखी म्हणणं द्यायला कायद्यात ३० दिवस आहेत, आयोगानं वाढवले तर आणखी १५, त्यापुढे नाही. कंपनीनं म्हणणं दिलं, त्यात सगळं खापर विक्रेत्यावर. विक्रेत्याची मुदत उलटून गेली आहे आणि त्याचा वकील अजून पुढची तारीख मागतोय.